मुलांच्या सभेत मुख्याध्यापकाचे एकच मत

पाच सप्टेंबरला आपल्याकडच्या कितीतरी शाळांत स्वयंशासन दिन असतो. दहावीतली एखादी मुलगी त्या दिवशी मुख्याध्यापिका होते, कुणी शिपाई होऊन घंटा देतो, साड्या आणि झब्बे घातलेली मुले खालच्या वर्गांवर तास घेतात. मुलांची हौस खरी असते आणि ती जीव ओतून शिकवतात. पण त्या एका दिवसाच्या मुख्याध्यापिकेला शाळेतला एकही नियम बदलता येत नाही. खर्चाच्या एकाही कागदावर तिची सही चालत नाही. वर्गात हात उगारणाऱ्या शिक्षकाला तिला जाब विचारता येत नाही. तिला खुर्ची मिळते, कारभार मिळत नाही. मुलांच्या हाती खरोखर कारभार देऊन पाहणाऱ्या शाळा मात्र जगात होऊन गेल्या आहेत. ही परंपरा जवळजवळ पाचशे वर्षे मागे जाते आणि तिचा एक फार मोलाचा धागा आपल्या वर्ध्यातून गेला आहे.

सायलेशियातले गोल्डबर्ग हे गाव आज पोलंडमध्ये आहे. तिथल्या लॅटिन शाळेचा कारभार १५३१ मध्ये व्हॅलेंटिन ट्रोट्झेनडॉर्फ या शिक्षकाकडे आला आणि त्याने शाळेचे चक्क रोमन प्रजासत्ताक केले. मुलांतूनच बारा सिनेटर, एक कॉन्सल आणि दोन सेन्सर नेमले जात. एखाद्याने आगळीक केली तर त्याला या सिनेटपुढे उभे राहून आपली बाजू मांडावी लागे, तीही लॅटिन भाषणात. ट्रोट्झेनडॉर्फ स्वतःकडे तहहयात डिक्टेटरचे पद ठेवून होता, त्यामुळे याला लोकशाही म्हणणे कठीण आहे. लॅटिन आणि शिस्त एकदम पक्की करण्याचा तो मार्ग होता. तरीही दोन गोष्टी तिथे पहिल्यांदा ठळकपणे दिसतात. आरोप झालेल्या मुलाचे म्हणणे ऐकून घ्यायचे, आणि त्याचा निवाडा त्याच्याच बरोबरीच्यांनी करायचा.

यानंतर या परंपरेला दोन फाटे फुटले. त्यांतला एक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पंतोजींच्या शाळेत मोठा मुलगा धाकट्यांकडून धुळाक्षरे गिरवून घेई. मद्रासच्या एग्मोरमधल्या लष्करी अनाथालयात १७८९ पासून काम करणाऱ्या अँड्र्यू बेल याने अशाच देशी शाळेतली पद्धत पाहिली, ती आपल्या संस्थेत राबवली आणि तिच्यावर पुस्तक लिहून ती इंग्लंडला नेली. थोड्या शिक्षकांत पुष्कळ मुले शिकवण्याची सोय झाली आणि मॉनिटर जन्माला आला. पुढे १८२८ मध्ये थॉमस अर्नोल्ड रग्बी शाळेचा मुख्याध्यापक झाला आणि त्याने वरच्या वर्गातल्या मुलांना धाकट्यांवर सत्ता दिली, छडीसुद्धा दिली. ब्रिटिश अमदानीत ही प्रीफेक्टची पद्धत भारतातल्या इंग्रजी वळणाच्या शाळांत आली. आपल्या वर्गातला फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहिणारा मॉनिटर याच घराण्यातला. त्याच्या हातातली सत्ता शिक्षकाकडून उसनी आलेली असते, ती फक्त खालच्यांवर चालते आणि शिक्षकाला कशानेच बांधत नाही.

दुसरा फाटा अरुंद आहे, मधूनमधून लुप्तही होतो. माझ्या मते तो ओळखण्याची खूण एकच: मुलांनी केलेला नियम शिक्षकालाही लागू होतो का?

ज्या रोलंड हिलमुळे १८४० मध्ये जगातले पहिले चिकटवायचे टपाल तिकीट निघाले, तो आधी शाळामास्तर होता. वडील आणि भावांबरोबर तो बर्मिंगहॅमजवळ हेझलवुड नावाची शाळा चालवीत असे. १८१९ मध्ये बांधलेल्या या शाळेला लिखित घटना होती. मुलांनी निवडलेली समिती नियम करी आणि त्यांना मुख्याध्यापकाची संमती लागे. मुलांचे न्यायालय भरे, त्यात न्यायाधीश असे आणि पंचमंडळही असे. छडी पूर्ण बंद होती. छडी हा शाळेचा पायाच समजला जाण्याच्या त्या काळात हे मोठे धाडस होते. हिल बंधूंनी १८२२ मध्ये या व्यवस्थेवर पुस्तक लिहिले आणि जेरेमी बेंथमसारखा विचारवंत तिच्यावर खूश झाला. पण शाळा एका कुटुंबाच्या उत्साहावर चालत होती. रोलंड हिल शिक्षकी सोडून गेला आणि हेझलवुडची घटना इतिहासात जमा झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा धागा पुन्हा वर आला तो रस्त्यावरच्या, तुरुंगाच्या वाटेवरच्या मुलांमुळे. न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रीव्हिल इथे विल्यम जॉर्जने १८९५ मध्ये अशा मुलांचे 'ज्युनिअर रिपब्लिक' उभारले. त्यापासून स्फूर्ती घेतलेला होमर लेन १९१३ मध्ये इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात गेला आणि त्याने 'लिटल कॉमनवेल्थ' काढले. तिथे गुन्हेगार ठरलेली मुले-मुली स्वतःचे कायदे स्वतः करत. १९१८ मध्ये ते बंद पडले, पण त्याआधी तिथे जाऊन आलेला एक स्कॉटिश शिक्षक पार बदलून गेला होता. त्याचे नाव ए. एस. नील. त्याने १९२१ मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनजवळ सुरू केलेली शाळा पुढे इंग्लंडमध्ये आली आणि समरहिल म्हणून जगभर गाजली. तिथल्या सभेत सहा वर्षांच्या मुलाला एक मत आणि नीललाही एकच मत. नीलचे ठराव अनेकदा पडत आणि तो ते निमूट मान्य करी. अर्थात सगळेच सभेपुढे येत नसे. शिक्षकांच्या नेमणुका, भटारखान्याची बिले, मुलांची सुरक्षितता या गोष्टी नीलने स्वतःकडे ठेवल्या होत्या आणि तसे उघड सांगितलेही होते. मला हा उघडपणा महत्त्वाचा वाटतो. मुलांना काय ठरवता येणार नाही हे आधी स्पष्ट सांगितले की जे ठरवता येते त्यावर त्यांचा विश्वास बसतो.

नील १९७३ मध्ये गेला. शाळा त्याची पत्नी आणि नंतर मुलगी चालवत राहिली. १९९९ मध्ये सरकारी तपासणीनंतर शाळेला नोटीस आली. वर्गात बसणे ऐच्छिक ठेवणे सरकारला मान्य नव्हते. शाळा लवादापुढे गेली. मार्च २००० मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिसमध्ये सुनावणी सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत सरकारने तडजोडीचा हात पुढे केला. पण समरहिलची सभा भरल्याशिवाय शाळेच्या वतीने तडजोड कोण मान्य करणार? मुलांनी त्या न्यायालयाच्या दालनातच सभा घेतली, चर्चा केली, मतदान केले आणि तडजोड स्वीकारली. यापुढे या शाळेची पारख करताना मुलांचे म्हणणेही विचारात घ्यायचे, हे त्या तडजोडीतच आले.

मात्र मला सगळ्यांत खोल जाणारा प्रयोग वाटतो तो वॉर्साचा. बालरोगतज्ज्ञ आणि लेखक यानुश कोर्चाक याने स्तेफानिया विल्चिन्स्का हिच्या साथीने १९१२ मध्ये क्रोखमाल्ना रस्त्यावर ज्यू अनाथ मुलांचे घर सुरू केले. इथे मुलांचे न्यायालय होते. आठवडाभरात ज्यांच्यावर एकही फिर्याद नाही अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडले जात. मोठ्या माणसाचे काम फक्त लिहून घेण्याचे. कोर्चाकने या न्यायालयासाठी जी संहिता लिहिली ती वाचताना आजही थक्क व्हायला होते. तिची पहिली नव्याण्णव कलमे क्षमेची आहेत. त्याला ठाऊक नव्हते, त्याने मुद्दाम केले नाही, त्याला पश्चात्ताप झाला आहे, फिर्यादीनेच माफ केले आहे, अशा क्षमेच्या नाना तऱ्हा. अपराधाची नोंद सुरू होते ती शंभराव्या कलमापासून, आणि पुढे शंभराशंभराच्या पायऱ्यांनी ती कडक होत जाते. हजारावे कलम घरातून काढून टाकण्याचे, आणि त्यातही तीन महिन्यांनी परत येण्यासाठी अर्ज करण्याची सोय ठेवलेली.

या न्यायालयात शिक्षकांवरही फिर्याद करता येई. कोर्चाकने सहा महिन्यांत स्वतःवर पाच वेळा खटला भरला. एका मुलाच्या थोबाडीत मारली म्हणून, एकाला झोपायच्या खोलीबाहेर काढले म्हणून, एकाला कोपऱ्यात उभे केले म्हणून, एका मुलीवर चोरीचा आळ घेतला म्हणून, आणि एकदा तर न्यायाधीशाचा अपमान केला म्हणून. यांतली प्रत्येक गोष्ट आपल्या शाळांत रोज घडते आणि ती कुणी गुन्हा मानत नाही. या खटल्यांनी आपल्याला घटनेप्रमाणे वागणारा शिक्षक केले, असे कोर्चाकने लिहून ठेवले आहे. मुलांना अधिकार दिल्याने मुले सुधारतात, हे पुष्कळ जण सांगतात. शिक्षक सुधारतो, हे सांगायला कोर्चाकच हवा होता.

प्रयोग गोडगोड नव्हता. काही मुलांनी न्यायालयाची टर उडवली, क्षमेची कलमे मिळतात म्हणून ती निर्ढावली, आणि एकदा कोर्चाकला काही आठवडे न्यायालय बंदही ठेवावे लागले. मग उणिवा दुरुस्त करून ते पुन्हा सुरू झाले. मुलांचे वृत्तपत्रही त्याने काढले. 'मावी पशेग्लोंद' या नावाने ते १९२६ पासून एका मोठ्या दैनिकाची पुरवणी म्हणून निघत असे आणि त्यातला मजकूर मुलेच पाठवत. पुढे नाझी आले, अनाथालय घेटोत ढकलले गेले. तिथल्या उपासमारीत, १८ जुलै १९४२ रोजी, मुलांनी रवींद्रनाथांचे 'डाकघर' हे नाटक केले. ऑगस्टच्या सुरुवातीला जवळपास दोनशे मुलांना ट्रेब्लिंकाच्या गाडीत चढवण्यात आले. कोर्चाक आणि विल्चिन्स्का त्यांच्याबरोबर गेले.

रवींद्रनाथांचे नाव इथे यावे हा योगायोग असेल, पण आपल्याकडची वाट त्यांच्याच शांतिनिकेतनातून निघते. १९०१ मध्ये सुरू झालेल्या त्या आश्रमशाळेत मुले आपला नायक निवडत आणि अपराधांचा निवाडा मुलांचीच विचारसभा करी. १९१५ च्या मार्चमध्ये गांधीजी तिथे आले. दक्षिण आफ्रिकेतल्या त्यांच्या फिनिक्स आश्रमातली मुले आधीच तिथे राहत होती आणि साताऱ्याला जन्मलेले काकासाहेब कालेलकरही तिथेच होते. स्वयंपाकी आणि नोकर कशाला, मुलांनी आणि शिक्षकांनीच स्वयंपाकघर चालवावे, अशी सूचना गांधीजींनी मांडली. शिक्षकांची तयारी असेल तर आपली हरकत नाही, असे रवींद्रनाथ म्हणाले, आणि स्वराज्याची किल्ली या प्रयोगात आहे असे त्यांनी मुलांना सांगितले. १० मार्चला सव्वाशे मुले शिक्षकांसह कामाला लागली. कुणी भाजी चिरे, कुणी धान्य निवडे, कुणी आवार झाडे. तिथले इंग्रज शिक्षक पिअर्सन मोठ्या भांड्यांशी झटत, आणि भांडी घासणाऱ्यांचा शीण जावा म्हणून काही मुले सतार वाजवत. काकासाहेब या साऱ्यात मनापासून सामील होते. काही काळाने प्रयोग थांबला. १० मार्चला मात्र शांतिनिकेतनात आजही नोकरांना सुट्टी देऊन विद्यार्थी-शिक्षक ती कामे करतात.

थांबलेला हा प्रयोग बावीस-तेवीस वर्षांनी पुढे सुरू झाला तो वर्ध्याला. ई. डब्ल्यू. आर्यनायकम हे सिलोनचे तमिळ गृहस्थ आणि त्यांच्या बंगाली पत्नी आशादेवी, दोघेही शांतिनिकेतनात राहून आलेले. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम केला आणि पुढच्या वर्षी हिंदुस्तानी तालिमी संघ निघाला. सेवाग्रामची शाळा आर्यनायकम दांपत्याने उभी केली. कामातून शिकवणारी ही नई तालीम म्हटली की आपल्याला टकळी आणि सूत आठवते. पण तिचा दुसरा अर्धा भाग तेवढाच महत्त्वाचा होता आणि तो आपण विसरून गेलो. सेवाग्रामात मुलांची आमसभा होती. मुले आपल्यातून मंत्री निवडत. कुणाकडे आहार, कुणाकडे सफाई, कुणाकडे आरोग्य. मंत्र्याने सभेपुढे हिशेब मांडायचा आणि सभेने त्याला प्रश्न विचारायचे.

हा खेळ नव्हता, कारण हातात खरी वस्तू होती. आहारमंत्र्याचा अंदाज चुकला तर त्या रात्री सगळ्यांच्या ताटात भाकरी कमी पडणार. सफाईची पाळी चुकली तर माश्या आणि आजार येणार. शेतात पिकलेली भाजी, कोठीतले धान्य, विणलेल्या कापडाचा हिशेब मुलांच्याच वह्यांत असे, आणि शिक्षकही त्याच पंगतीत जेवत, त्याच पाळीत झाडू घेत. इंग्लंडहून आलेल्या मार्जोरी साइक्स यांनी सेवाग्रामात काम केले आणि या साऱ्याची कहाणी लिहून ठेवली. डॉ. अभय बंग याच शाळेत शिकले. कामातून गणित आणि आहारशास्त्र कसे अंगी मुरले, हे त्यांनी फार प्रेमाने लिहिले आहे.

स्वातंत्र्यानंतर सरकारने नई तालीम मूलोद्योग शिक्षण म्हणून हजारो शाळांत नेली. टकळी गेली, कताईचा तास गेला, वेळापत्रकात त्याला जागाही मिळाली. आमसभा मात्र गेली नाही. साहित्य पुरवता येते, त्याची मागणीपत्रके करता येतात. मुलांपुढे हिशेब ठेवायची शिक्षकाची तयारी कोणत्याही खात्याला पुरवता येत नाही. त्यामुळे शहाण्या पालकांना त्या शाळा मजुरीच्या वाटल्या आणि त्या हळूहळू मिटल्या. सेवाग्रामची शाळाही बंद पडली होती, ती २००५ मध्ये आनंद निकेतन या नावाने पुन्हा सुरू झाली, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

इथवर मुलांना मिळालेला वाटा कुणा थोर शिक्षकाने दिलेला होता. तो मुलांनी स्वतः मागून, झगडून घेतला तो दक्षिण आफ्रिकेत. १६ जून १९७६ रोजी सोवेटोतली शाळकरी मुले आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर आली आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्या उठावातून सोवेटो विद्यार्थी प्रतिनिधी परिषद निघाली. वर्णद्वेषी राजवट गेल्यावर १९९६ मध्ये जो शाळा कायदा झाला त्यात या लढ्याचे ऋण मान्य केलेले दिसते. आठवी किंवा त्यापुढचे वर्ग असलेल्या प्रत्येक सरकारी शाळेत विद्यार्थ्यांची निवडून आलेली परिषद, आणि तिचे प्रतिनिधी शाळेच्या नियामक मंडळावर. पण अज्ञान वयाच्या सदस्याला शाळेवर आर्थिक जबाबदारी टाकणाऱ्या ठरावावर मत देता येत नाही. पैशाच्या दाराशी मुलाला थांबवले जाते. कायद्याच्या दृष्टीने त्याला कारण आहे, हे मला मान्य आहे. तरी ठरावावर बोलण्यापासून आणि हिशेब पाहण्यापासून मुलांना दूर ठेवायचे कारण नाही.

आंतरराष्ट्रीय कायद्यातही ही वाट पोहोचली, आणि तिथवर ती पोलंडनेच नेली. बालहक्कांचा करार करावा असा प्रस्ताव कोर्चाकच्या देशाने १९७८ मध्ये मांडला. २० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांनी तो मंजूर केला आणि १९९२ मध्ये भारताने स्वीकारला. त्याचे बारावे कलम सांगते की मुलाशी संबंधित प्रत्येक बाबतीत त्याला मत मांडण्याचा हक्क आहे आणि त्याचे वय व समज पाहून त्या मताला वजन दिले पाहिजे. आपल्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मारहाणीला बंदी केली आणि प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती आणली. तीत पंचाहत्तर टक्के पालक. विनाअनुदानित खासगी शाळांना मात्र या समितीच्या अटीतून मोकळे सोडले. ही मोठी त्रुटी आहे, कारण शहरांतली लाखो मुले तिथेच शिकतात.

महाराष्ट्राने २०१० च्या शासन निर्णयात एक पाऊल पुढे टाकले. समितीत दोन विद्यार्थी, त्यांत किमान एक मुलगी, स्वीकृत सदस्य म्हणून. हे फार थोड्या पालकांना आणि त्याहून थोड्या मुलांना ठाऊक असते. मुलांच्या हाती कारभार म्हटले की आपल्याकडे लगेच राजकारणाची भीती पुढे येते. महाविद्यालयांतल्या हाणामाऱ्यांनंतर १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका बंद केल्या. २०१६ च्या कायद्यात त्यांची तरतूद परत आली, तरी त्या सुरळीत सुरू झाल्या नाहीत. पण शाळेतल्या दहा-बारा वर्षांच्या मुलांना ही भीती लावणे अन्यायाचे आहे. राजस्थानात तिलोनियाच्या रात्रशाळांत दिवसा गुरे राखणारी मुले १९९३ पासून बालसंसद चालवत आली. शिक्षक वेळेवर येतो का, दिव्याची आणि पाण्याची सोय आहे का, यावर त्या मुलांची नजर असे आणि मोठी माणसे त्यांचे ऐकत.

आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतही शालेय मंत्रिमंडळ असते. निवडणूक होते, शपथविधी होतो, आरोग्यमंत्री परिपाठाला नखे तपासतो. सगळे मंत्री मुलांवरच नजर ठेवतात, म्हणजे ते पुन्हा मॉनिटरच्याच घराण्यात गेले. हे बदलायला नवा कायदा लागत नाही. समितीतले दोन विद्यार्थी मंत्रिमंडळाने निवडून पाठवावेत, त्यांनी बैठकीत काय मांडायचे ते आधी मुलांच्या सभेत ठरावे आणि बैठकीत काय झाले ते त्यांनी परत येऊन सभेला सांगावे. सुरुवात पोषण आहारापासून करता येईल. पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम आणि ३० ग्रॅम, हे प्रमाण ठरलेले आहे. आजचा पट किती, हजर किती, कोठीतून किती काढले, किती उरले, हा हिशेब सहावीतल्या मुलीला सहज जमतो. आहारमंत्र्याने तो रोज फळ्यावर लिहावा, समितीतल्या त्या दोघांनी महिन्याच्या बैठकीत मांडावा आणि मुख्याध्यापकांनी त्यावर विचारलेल्या प्रश्नांना तिथेच उत्तर द्यावे.